घाटातला नॉक

५ मार्च १९८०

गाडी आज परत रस्त्यावर आली. मागच्या महिन्यात तळेगावच्या घाटात एका पिस्टनला भोक पडलं, तेव्हापासून ती आर्वीला नत्थूजीच्या गॅरेजमध्ये पडून होती. गिरणी सोडल्यावर ही जुनी अँबॅसेडर घेतली. तळेगाव ते कारंजा सवारी नेतो. हीच एक गाडी आणि हेच एक काम, त्यामुळे ती उभी राहिली की घरच उभं राहतं.

पिस्टन गेला त्या दिवशी मागे बसलेले लोक नंतर म्हणाले की इंजिन पहिल्या वळणापासून खडखडत होतं. मग तेव्हाच का नाही सांगितलं? अनुसयाही म्हणाली, पहिल्या डावाले मी बसली होती तवाच तुमाले सांगतलं होतं. मला आठवत नाही.

नत्थूजीचं म्हणणं असं, की चढावर लोड पडला आणि इंजिन तापलं की पेट्रोल आतल्या आत नको तेव्हा पेटतं. पिस्टनवर हातोडी मारल्यासारखं होतं. याला ते नॉक म्हणतात. ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं तर नॉक जातो, पण गाडीचा दमही जातो आणि घाट चढत नाही. त्याने नागपूरच्या भंगार बाजारातून एक वस्तू आणून ठेवली आहे. कुठल्यातरी परदेशी गाडीचा पाणी मारणारा पंप. कार्बोरेटरच्या तोंडात पाण्याचा बारीक फवारा सोडला की आतली आग थंड राहते म्हणे. इंजिनात पाणी घालायचं हे मनाला पटत नाही. पण पुन्हा पिस्टन गेला तर गाडी विकावी लागेल, म्हणून हो म्हटलं.

८ मार्च

पंप बसवला. मुठीएवढा आहे, आत दोन दातेरी चाकं. पाण्याची बाटली बोनटच्या आत वरच्या बाजूला कसली, तिथून नळी पंपाला, पंपापासून दुसरी नळी कार्बोरेटरच्या तोंडावर, तिच्या टोकाला बारीक भोकाचा पितळी जेट. इंजिनवर लोड पडला की पंप आपोआप सुरू करणारा एक स्विचही आहे.

तार जोडली. नत्थूजी म्हणाला, "फिरून राह्यला, आयका." मी पंपावर हात ठेवला, थरथरत होता. पण जेटमधून पाण्याचा थेंब नाही. नळ्या काढून फुंकल्या, मोकळ्या. जेट उजेडात धरला, भोक साफ. पंप उघडला, चाकं जागेवर, वॉशर शाबूत. पुन्हा जोडला. पुन्हा नुसता फिरतो.

वापरलेली वस्तू अशीच. आधीच्या मालकाने का काढून टाकली हे ती सांगत नाही.

९ मार्च

दिवसभर तेच. अनुसया संध्याकाळी स्वयंपाकघरातून काहीतरी बोलली. माझं डोकं पंपात होतं. मान हलवून हाव म्हटलं.

१० मार्च

सापडलं! पहाटेच गाडी घेऊन आर्वीला गेलो. बोनट उघडून पंप चालू केला आणि या वेळी जेटकडे न पाहता बाटलीकडे पाहत बसलो. बाटलीत बुडबुडे येत होते. म्हणजे पंप पाणी ओढण्याऐवजी उलटी हवा फुंकत होता. माझी गाडी जुनी, तिच्या बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. पंप ज्या गाडीचा, तिथं मायनस असणार. म्हणून मोटर उलटी फिरत होती. पंपाच्या दोन्ही तारांची अदलाबदल केली. फवारा थेट नत्थूजीच्या तोंडावर. तो खूप हसला. मीही हसलो.

दुपारून खुशीत घरी आलो, तर अनुसया दारात बसलेली. नवं लुगडं नेसलेली, बाजूला पिशवी. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. शेवटी शेजारच्या विमलाबाईंनी सांगितलं, की आज सकाळी हिला हिंगणीला न्यायचं ठरलं होतं. हिची बहीण तिथं आजारी आहे.

मी म्हटलं, "मले काऊन नाई सांगतलं?"

ती म्हणाली, "काल सांगतलं. तुम्ही हाव म्हटलं."

मी असं काही म्हटलं नाही. तिने मनातल्या मनात ठरवलं असेल आणि वाटत असेल की सांगितलं. उद्या नेतो म्हटलं, तर नको म्हणाली, आणि उद्या सकाळच्या एस.टी.ने एकटीच जाणार असं विमलाबाईंना सांगत होती. बायकांचा राग कळत नाही.

१४ मार्च

सकाळी गाडी सुरूच होईना. प्लग काढले तर ओले, पेट्रोलने नव्हे, पाण्याने. बाटली रिकामी. आम्ही बाटली जेटच्या वर कसली होती, त्यामुळे गाडी उभी असताना पाणी आपोआप खाली उतरत राहिलं आणि इंजिनात भरलं. कळायला हवं होतं. गिरणीतली उंचावरची पाण्याची टाकी मी रोज पाहत होतो.

प्लग काढून ठेवले आणि हँडलने इंजिन फिरवलं, सगळं पाणी बाहेर फेकलं गेलं. ऑइल बदललं. बाटली खाली, चाकाच्या मडगार्डजवळ, जेटच्या पातळीच्या खाली नेली. आता पंप ओढेल तेव्हाच पाणी वर चढेल. दुपारी सवारी घेऊन घाट चढलो. इंजिन अगदी शांत.

अनुसया हिंगणीहून आली. बहिणीला बरं आहे. मी पंपाचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. हल्ली ती बोलतच नाही फारसं. पूर्वी हिची बडबड थांबायची नाही. वय झालं.

२२ मार्च

आठवडाभर गाडी चांगली चालली. काल मात्र घाटात दम कमी वाटला आणि तापमानाचा काटा वर गेला. माथ्यावर थांबून बोनट उघडलं. जेटच्या तोंडावर पांढरी खपली. आमच्या विहिरीचं पाणी जड आहे, चहाच्या भांड्यातही असाच थर बसतो. सुईने भोक साफ केलं. आता विहिरीचं पाणी बंद, बॅटरीत घालतो ते पाणी आणलं आहे.

काल कारंजाचे पुंडलिकराव मास्तर मागे बसले होते. रोजचे गिऱ्हाईक. घाटात मागून काही बोलत होते, मी हाव हाव करत होतो. माथ्यावर मी जेट साफ करत होतो तेव्हा ते उतरले आणि मागून येणाऱ्या एस.टी.त जाऊन बसले. आज स्टँडवर भेटले तर म्हणाले, "रूपराव, गाडी थांबवा म्हणून मी तिथं खालपासून सांगत होतो तुमाले." सांगत होते तर मोठ्याने सांगायचं. मास्तर माणूस, वर्गात ओरडतो, गाडीत पुटपुटतो.

सवाऱ्याही पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. पूर्वी लोक गाडीत बसले की गप्पा मारायचे. आता आपापसात बोलतात.

३० मार्च

आपोआप चालू होणारा तो स्विच आता बंद पडला. कधी चालतो, कधी नाही. नत्थूजीने उघडून पाहिला, आतला पडदा फाटला आहे, तसा पडदा इकडे कुठे मिळायचा नाही. त्याने स्विच काढून टाकला आणि डॅशबोर्डवर घंटीचं असतं तसं बटण बसवलं. नॉक आला की दाबायचं, थांबला की सोडायचं. सोपं आहे.

मी म्हटलं, "बटण लागायचं नाई. पंप बसवल्यापासून नॉक येतच नाई."

"चला, पाहून घेऊ," नत्थूजी म्हणाला आणि माझ्या बाजूला बसला.

तळेगावहून घाट चढायला लागलो. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मला एकदाही बटण दाबायची गरज पडली नाही. नत्थूजीनेच मधूनच हात पुढे करून दाबलं. मग पुन्हा. मग वरपर्यंत तो दाबतच राहिला. नवी वस्तू बसवली की माणसाला ती चालवून पाहायचा मोह होतो. माथ्यावर तो माझ्याकडे पाहत राहिला. म्हटलं, काय? तो म्हणाला, काही नाही.

आर्वीला परत आल्यावर मी खाली बसून प्लग साफ करत होतो. वळून पाहिलं तर नत्थूजी माझ्या अगदी पाठीशी, दोन्ही हातांत लोखंडी पाने घेऊन उभा. बाकावर बसलेलं गिऱ्हाईक माझ्याकडेच पाहत होतं.

"काय झालं?"

"काई नाई, दादा." त्याने दोन्ही पाने हळूच खाली ठेवले. मग माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "घाटात जाता तवा वहिनीले बाजूले बसवत जा. बटण त्यायच्या हातात देजा."

"काऊन?"

"तुमचे हात स्टेअरिंगवर पाह्यजेत."

म्हणतो ते खरं आहे. घाटात एक हात सोडणं बरं नाही.

६ एप्रिल

अनुसया तयार झाली. मला वाटलं होतं नाही म्हणेल. पुढे माझ्या बाजूला बसते, एका हातात पिशवी, दुसरा हात बटणावर. मागे सवाऱ्या. बाई पुढे बसलेली पाहून पहिल्या दिवशी लोक हसले. आता सवय झाली.

बटण कधी दाबायचं हे मी तिला शिकवायला गेलो, तर तिला आधीच येत होतं. चढ सुरू झाला की डोकं जरा तिरपं करते, दाबते, सोडते, पुन्हा दाबते. बाटली पूर्वीपेक्षा निम्मंही पाणी खात नाही आणि काटा जागचा हलत नाही. विचारलं, तुला कसं कळतं? ती म्हणाली, "तांदूळ भाजल्यासारखं वाजते." मी कान दिला. मला तर इंजिनचा एकसारखा आवाज येतो, बाकी काही नाही. तिला भास होत असेल, पण गाडी चांगली चालते आहे तोवर मी काही म्हणत नाही.

१४ एप्रिल

जयंती. वर्ध्याहून आलेल्या वक्त्यांना आणायला गाडी नेली होती, तिला निळ्या पताका लावल्या. संध्याकाळी विहारासमोर सभा. मी पुढेच, भोंग्याखाली बसलो. फार दिवसांनी भाषणाचा शब्द न् शब्द ऐकू आला. आजकालचे वक्ते स्पष्ट बोलत नाहीत म्हणून माझी तक्रार असायची, हा माणूस चांगला. आजूबाजूचे लोक मात्र उठून मागे जाऊन बसले. अनुसया कानावर पदर धरून होती.

नत्थूजीही आला होता. अनुसयाशी बराच वेळ बोलत होता. मी जवळ गेलो तशी दोघं गप्प झाली.

१९ एप्रिल

आज घाटात अपघात होता होता राहिला.

मागच्या सीटवर आष्टीचं एक कुटुंब, त्यात एक बाळंतीण लेकराला घेऊन. पुढे अनुसया. तिसऱ्या वळणाच्या वर समोर बैलगाडी चाललेली. तिला ओलांडायला मी गाडी उजवीकडे घेतली. आरशाकडे पाहिलं नाही, ही माझी चूक. मागून ट्रक येत होता. अनुसयाने दोन्ही हातांनी माझा हात धरून स्टेअरिंग डावीकडे ओढलं. ट्रक घासून गेला. उजवं मडगार्ड चेपलं, दाराचं हँडल तुटलं. आमची गाडी बैलगाडीच्या मागे वीतभर अंतरावर थांबली. लेकरू रडत होतं, त्याचं तोंड उघडं दिसत होतं. आई त्याला छातीशी धरून होती.

ट्रकवाला पुढे थांबला आणि खाली उतरून आला. हात नाचवत होता. मी म्हटलं, हॉर्न द्यायचा होता. त्यावर तो आणखी भडकला. ओठ हलताना दिसत होते, मोटरच्या आवाजात नीट कळत नव्हतं. मग अनुसया दार उघडून उतरली, आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली,

"त्यायले आयकू येत नाई, भाऊ."

हे मला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

ट्रकवाल्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा राग एकदम उतरला. तो वळून आपल्या ट्रककडे गेला. मला त्याच्या शिव्या चालल्या असत्या.

आष्टीच्या लोकांना कारंजाला सोडलं. परतताना मी अनुसयाशी बोललो नाही. परक्या माणसासमोर, सवाऱ्यांसमोर नवऱ्याला बहिरं म्हणाली. गाडी चालवणाऱ्या माणसाबद्दल असं बोलायचं म्हणजे त्याच्या पोटावर पाय.

२० एप्रिल

सकाळी चहा पिताना मीच विषय काढला. कधीपासून तुला असं वाटते?

ती माझ्या समोर येऊन बसली. "गिरणीत होते तवापासून. दोन-तीन वर्षांत लय वाढलं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं ना. तीन डाव सांगतलं. तुम्ही हाव म्हटलं."

ती पुढे म्हणाली, "आधी मी पुन्हा पुन्हा सांगत होती. मंग थकली. तुमाले आयकू आलं का नाई आलं, तुम्ही हावच म्हणता. मंग बोलून काय करू?"

म्हणजे ती वयामुळे गप्प झाली नव्हती.

मग मी गाडी सुरू केली. उभ्या गाडीत नॉक येत नाही हे मला माहीत आहे, तरी बोनट उघडून कान इंजिनजवळ नेला. पंखा फिरताना दिसत होता. अनुसयाला म्हटलं, बटण दाब. पंपावर हात ठेवला तेव्हा कळलं की चालू झाला. हात काढला की कळेना. पहिल्या दिवशी नत्थूजी "आयका" म्हणाला होता, तेव्हाही मी हातच ठेवला होता. पंपाचे सगळे दोष मी डोळ्यांनी शोधले.

२४ एप्रिल

वर्ध्याला डॉक्टरकडे गेलो, एस.टी.ने. गाडी मी चालवायची नाही असं अनुसयाने सांगितलं नाही, मीच काढली नाही.

डॉक्टर तरुण आहे. कानात मळ आहे का पाहिलं, नाही. लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी वाजवून कपाळाला टेकवलं, कानाजवळ धरलं, पाठीमागे उभं राहून आकडे म्हटले. किती म्हटले मला माहीत नाही, मी दोन सांगितले. मग समोर बसून सावकाश विचारलं, काय काम करत होता? म्हटलं, गिरणीत, माग-खात्यात जॉबर, म्हणजे मागवाल्यांचा मुकादम. मागांच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडायचो किंवा हातवारे. त्याने मान हलवली. म्हणाला, आतल्या शिरा मेल्या आहेत, औषध नाही. बारीक आवाज आधी जातात, जाडे राहतात. इंजिन ऐकू येईल, त्याचा नॉक नाही. पुरुषाचा आवाज येईल, बायकोचा आणि लेकरांचा अर्धाच. कानात घालायचं यंत्र मिळतं, थोडा फरक पडेल, पण पूर्वीसारखं व्हायचं नाही.

"गाडी चालवता येईल?" मी विचारलं.

तो अनुसयाकडे पाहत काही बोलला. मग त्याला लक्षात आलं आणि माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाला, "सवाऱ्या घेऊन नको, काका."

हे त्याने फार हळुवारपणे म्हटलं असावं. चेहऱ्यावरून वाटलं.

२ मे

गाडी दारात उभी. ऊन फार. आठवडाभर काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. स्टँडवर जात नाही. गेलो तर लोक माझ्याशी ओरडून बोलतात, बातमी पसरली आहे. जे पूर्वी पुटपुटायचे तेच आता ओरडतात, आणि दोन्हींतलं काही कळत नाही.

दुपारी नत्थूजी आला. मडगार्ड ठोकून सरळ केलं, नवं हँडल बसवलं. मग सावलीत बसून म्हणाला की कारंजाला एक गिऱ्हाईक आहे, पंपासकट गाडी घ्यायला तयार आहे. मी जमिनीकडे पाहत होतो. पंपासकट! तारा उलट्या आहेत हे त्याला सांगावं लागेल, बाटली खालीच ठेव म्हणून सांगावं लागेल, विहिरीचं पाणी घालू नको म्हणावं लागेल. असं सगळं मनात आलं.

अनुसया दारातून काहीतरी म्हणाली. नत्थूजीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. हाव माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं,

"मले नाई आयकू आलं. पुन्हा सांग."

आजपर्यंत असं कोणालाच म्हटलं नव्हतं. ती दारातून उठून समोर आली, माझ्यासमोर उकिडवी बसली.

"इकू नका म्हटलं. मले शिकवा."

"काय शिकवू?"

"गाडी. मले नॉक आयकू येते, हॉर्न आयकू येते. बाकीचं तुमाले येते."

नत्थूजी हसला नाही. म्हणाला, "लायसनचं मी पाहतो, वहिनी."

मी म्हटलं, या वयात? ती म्हणाली, मी तुमच्यापेक्षा लहान आहे. ते खरं आहे. तरी मी विचार करून सांगतो म्हटलं. विचार करायला काही नव्हतं, पण एकदम हो म्हणायची मला आता भीती वाटते.

११ मे

आज सकाळी आष्टीच्या बाजाराच्या मैदानात नेलं. गाडी तिथवर नत्थूजीने आणली आणि तो झाडाखाली बिडी ओढत बसला. बाजार नव्हता, मैदान मोकळं, फक्त दोन गाई.

अनुसयाने पदर खोचला. पाय क्लचपर्यंत पोचेना म्हणून पाठीला उशी दिली. मी क्लच, ब्रेक, गिअर समजावून दिलं. तिने पहिल्यांदा सोडलं तेव्हा गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा चालली. पहिल्या गिअरमध्ये, स्टेअरिंग असं घट्ट धरून की बोटं पांढरी पडली. गाई उठून निघून गेल्या. मी म्हणत होतो सावकाश, डावीकडे घे, पुढे खड्डा आहे, सावकाश. कपाळावर घाम आला होता, माझ्याही.

मैदानाच्या टोकाला वळण घेताना ती समोर पाहत काहीतरी बोलली. मी म्हटलं, गाडी थांबव, मग सांग.

तिने थांबवली. इंजिन बंद पडलं नाही, हे पहिल्यांदाच. हँडब्रेक ओढला. मग सीटवर पूर्ण वळून, तोंड माझ्याकडे करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"पाय दाबू नका. तुमच्या बाजूले ब्रेक नाई."